बाळाच्या आतड्यातले जिवाणू आणि पहिल्या दोन वर्षांचं जेवण: केव्हा, काय आणि कसं

आईच्या दुधात एक घटक असा आहे, जो बाळाला अजिबात पचत नाही. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर दुधातल्या घन पदार्थांत तिसरा क्रमांक त्याचाच लागतो. एका लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम, आणि पहिल्या दिवसांच्या चिकात त्याहूनही जास्त. ऑलिगोसॅकराइड म्हणतात त्या या शर्करा. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार सापडले आहेत, आणि त्या तोडायला लागणारी पाचकद्रव्यं बाळाच्या पोटात नसतात. मग ओल्या बाळंतिणीचं शरीर एवढी ताकद खर्चून त्या बनवतं कशाला? तर बाळाच्या मोठ्या आतड्यात नुकतेच राहायला आलेल्या बायफिडो जिवाणूंना खायला मिळावं म्हणून.

हे जिवाणू १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये प्रथम दिसले. त्या शर्करा खाऊन ते आम्लं तयार करतात. आतडं आंबटसर झालं की जुलाबाच्या जंतूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं. आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं, आणि आपलं कोण, परकं कोण हे प्रतिकारशक्ती याच काळात शिकते. अंगावरच्या बाळाची शी पिवळी, पातळ आणि किंचित आंबूस वासाची असते ती यामुळेच. अशी शी दिवसात सात-आठ वेळा झाली किंवा एखाद्या बाळाला तीन-चार दिवस झालीच नाही, तरी बाळ नीट पीत असेल, शू भरपूर होत असेल आणि वजन वाढत असेल, तर पोट बिघडलेलं नाही. त्यावर औषध नको.

जिवाणूंची ही वस्ती साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी होते. तोवर ती घडत असते, आणि घडते ती मुख्यतः बाळाच्या तोंडात काय जातं त्यावर. त्यासाठी फारसं काही विकत आणावं लागत नाही, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. योग्य वेळी योग्य ते द्यायचं आणि नको ते टाळायचं, एवढंच काम आहे. पण ते नेटाने करावं लागतं.

बाळंतपणाआधी

इथे फार लांबण लावत नाही. गरोदर बाईने रोज डाळ-उसळ, पालेभाजी, फळ आणि ज्वारी-बाजरी-नाचणीपैकी काहीतरी खावं, कारण आईच्या आतड्यातले जिवाणूच बाळाकडे जातात. लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक दिलं तर मात्र ते जरूर घ्यावं. संसर्ग तसाच राहणं बाळाला जास्त धोक्याचं आहे.

सिझेरियन झालं तर आई स्वतःला दोष देत बसते. नैसर्गिक बाळंतपणातल्या बाळांत बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू लवकर येतात आणि सिझेरियनच्या बाळांत ते कमी सापडतात, हे खरं आहे. पण वर्षभरात हा फरक बराच भरून येतो आणि अंगावरचं दूध त्याला मोठा हातभार लावतं. योनीतला स्राव कापसाने बाळाच्या अंगाला लावायचा प्रकार इंटरनेटवर वाचून घरी कुणी करू नये. त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचं. सिझेरियन असलं तरी आई शुद्धीवर असेल तर हे जमतं. घरच्यांनी दवाखान्यात आधीच बोलून ठेवावं, कारण त्या गडबडीत बाळ सरळ पाळण्यात जातं. उघड्या अंगाने आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळाला ऊब मिळते आणि आईच्या त्वचेवरचे जिवाणूही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण महाराष्ट्रात निम्म्याहून थोडंच जास्त निघालं. बाळंतपणं आता बहुतेक दवाखान्यातच होतात, तिथे हे प्रमाण असं का असावं, असं फार वाटतं.

चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे. बाळाचं पोटही तेवढंच असतं. "दूध उतरलं नाही" म्हणून पहिल्या रात्रीच डबा उघडायची घाई करू नये. पान्हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भरून येतो आणि बाळाने जितकं ओढावं तितका लवकर येतो. मध चाटवणं, सोनं उगाळून देणं, साखरपाणी हे सगळं बाजूला ठेवायचं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमच्या बीजाणूंना रोखतील असे जिवाणू मोठ्यांच्या आतड्यात असतात, तान्ह्याच्या नसतात. तिथे ते बीजाणू रुजतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि आईचं दूध पुरत नसेल, तर मानवी दुग्धपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता इतर शहरांतही त्या आहेत.

सहा महिने: फक्त अंगावरचं

फक्त म्हणजे फक्त. पाणीसुद्धा नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही नाही, कारण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजा आणि आईने भरपूर पाणी प्यावं. अपवाद एकच, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा लोह.

बाळगुटीबद्दल बोलणं भाग आहे. गुटीमागे आजीची माया असते, त्यात शंका नाही. पण ती कशी दिली जाते ते जवळून पाहा. सहाणेवर पाणी घालून वेखंड, हळकुंड, मायफळ, जायफळ, सुंठ यांचे वळसे उगाळतात आणि ते चाटण बोटाने बाळाच्या तोंडात जातं. मुळ्या ओल्याच पुन्हा डबीत पडतात. त्यांच्या खाचांत बुरशी धरते. सहाण विसळलेली असते, उकळलेली नसते. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगून पडतं आणि घरच्यांना वाटतं, शांत झोप लागली. जे आतडं फक्त दुधावर आंबट राहायला हवं, त्यात रोज बाहेरचे जंतू आणि अनोळखी द्रव्यं जातात. आजींना दुखवायचं नसेल तर त्यांच्याकडे दुसरं काम द्या. बाळाला तेल लावणं, ढेकर काढणं आणि रात्री आईला दोन तास झोप मिळवून देणं, यातून बाळाला गुटीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं. ग्राइप वॉटरलाही हेच लागू.

काही आयांना खरोखरच पाजता येत नाही. आजार असतो, औषधं चालू असतात, कधी दूध खरंच पुरत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचं दूध द्यावं आणि मनात अपराध धरू नये. उकळून किंचित थंड केलेलं पाणी घ्यावं, डब्यावरचं माप तंतोतंत पाळावं आणि वाटी-चमच्याने पाजावं. बाटलीच्या बुचात आणि बोंडल्याच्या चोचीत दुधाचा थर साचतो, तो घासून निघत नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. त्यात लोह फार कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे सूक्ष्म रक्तस्राव होतो.

उष्टावण झाल्यावर

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण थाटात होतं. खीर चाटवली जाते, फोटो निघतात. आणि दुसऱ्या दिवसापासून पुष्कळ घरांत पुन्हा दूधच, सोबत थोडं वरणाचं पाणी. माझ्या मते बाळाच्या वाढीचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. वरणाचं पाणी हे पाणीच असतं. डाळ खाली राहते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली तर कॅलरी, प्रथिनं, लोह कुठून मिळणार? देशभरात ६ ते २३ महिन्यांच्या १०० मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आणि विविध आहार मिळत होता, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून दिसलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

जिवाणूंच्या अंगानेही हा टप्पा मोठा आहे. आता दुधाच्या शर्करांवर जगणाऱ्यांच्या जोडीला धान्य, डाळी, भाज्या यांचा चोथा खाणारे जिवाणू यायला हवेत. ताटात जितके प्रकार, तितके आतड्यात.

सुरुवात कशी करायची ते सांगते. मूठभर तांदूळ आणि त्याच्या निम्मी मुगाची डाळ धुऊन कुकरमध्ये भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवा. रवीने किंवा वाटीच्या बुडाने घोटा. मिक्सरमध्ये पार पाणी करू नका. वरून अर्धा चमचा तूप. मग चमचा भरून तिरका करा. घास चमच्याला धरून राहिला आणि हळूच सरकला तर ठीक; ओघळून गेला तर पातळ आहे, आटवा. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरेत. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. बाळ जिभेने घास बाहेर ढकलेल. ती नावड नसते, गिळायचं तंत्र त्याला अजून यायचं असतं. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे तो आपलासा होतो.

सहा ते आठ महिने: दिवसातून दोन-तीन वेळा, वाढवत वाढवत एका वेळी अर्धा कप, म्हणजे साधारण १२५ मिली. नऊ ते अकरा महिने: तीन-चार वेळा तेवढंच, शिवाय मधे एखादं फळ. वर्षानंतर: पाऊण ते एक कप, तीन-चार वेळा, आणि घरातलंच जेवण, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं.

जागतिक आरोग्य संघटना आठ अन्नगट मोजते आणि रोज त्यातले किमान पाच पोटात जावेत असं सांगते. अंगावरचं दूध हा एक गट धरला आहे. उरलेले सात असे: धान्य आणि कंद; डाळी, शेंगदाणे, बिया; दही-दूध; मांस-मासे; अंडं; गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, पालेभाज्या; आणि बाकीच्या भाज्या-फळं. लाल भोपळा घातलेली मुगाची खिचडी, सोबत दही आणि अंगावरचं दूध म्हटलं की पाच झाले. दुपारी कुस्करलेलं केळं दिलं की सहा. अंडं सातव्या महिन्यापासून पूर्ण उकडून द्यायला हरकत नाही. कोकणात लहान बाळाला मुडदुशी हा मासा देतात, ती चाल उत्तम आहे. काटा मात्र बोटांनी चाचपून काढा.

नाचणीचं थोडं सविस्तर. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली की दोन गोष्टी साधतात. लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, आणि मोडातल्या पाचकद्रव्यामुळे लापशी कमी पाण्यातही सैल राहते, म्हणजे त्याच वाटीत जास्त नाचणी मावते. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेलं सत्त्व पहिल्या महिनाभर ठीक. पण फडक्यात जो चोथा उरतो, तोच आतड्यातल्या जिवाणूंचा घास असतो. आठव्या महिन्यापासून गाळणं सोडा, मोडाच्या नाचणीचं पीठच वापरा.

दही-ताक, इडली, आंबोळी यांच्याविषयी एक गैरसमज आहे. ताज्या दह्यात जिवंत जिवाणू असतात, पण ते बहुतेक वाटसरू असतात, कायमचे राहत नाहीत. इडली-आंबोळीतले तर शिजताना मरतात. तरीही हे पदार्थ चांगलेच. आंबवल्याने धान्यातलं लोह अंगी लागतं, आणि दही पचायला हलकं जातं. घरी विरजलेलं, आंबट न झालेलं दही सातव्या महिन्यापासून चमचा-दोन चमचे द्या.

चहा-बिस्किट मात्र मनावर घेऊन बंद करा. चहा लोह अडवतो, बिस्किटातली साखर आणि मैदा भूक मारतात, आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला त्यातून काहीच येत नाही.

ढाक्यातला प्रयोग आणि आपलं कच्चं केळं

या विषयातलं मला सगळ्यात आशादायक वाटणारं काम बांगलादेशात झालं आहे. ढाक्यात डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या चमूंना दिसलं, की कुपोषित मुलांच्या आतड्यातली वस्ती वयाच्या मानाने मागे राहिलेली असते. दीड वर्षाच्या मुलात त्याहून लहान बाळासारखे जिवाणू. पोटभर कॅलरी दिल्या तरी ही वस्ती पुरती सुधारत नाही आणि मूल पुन्हा घसरतं. मग त्यांनी शोध घेतला, की मागे पडलेल्या या जिवाणूंना कोणतं स्थानिक अन्न मानवतं. हाती लागलेले पदार्थ होते हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं.

मिरपूरच्या झोपडवस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या सुमारे १२० मुलांवर तीन महिने प्रयोग झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना हे मिश्रण मिळालं, निम्म्यांना नेहमीचा तयार पूरक आहार. नव्या मिश्रणात कॅलरी कमी होत्या, तरी त्या मुलांचं वजन जास्त वेगाने वाढलं.

त्या मिश्रणात तेल, साखर आणि मोजून घातलेली जीवनसत्त्वं-खनिजंही होती, म्हणून घरचा पदार्थ हा त्याला पर्याय होणार नाही. तीव्र कुपोषणावर तो उपचारही नाही. पण धडधाकट बाळाच्या आठवड्यात हे साहित्य यावं, यात मला शंका नाही. नऊ महिन्यांनंतर अशी लापशी करता येईल:

एक कच्चं केळं सालासकट कुकरमध्ये तीन शिट्ट्या करून उकडा, सोला, अर्धं किसून घ्या. कच्च्या केळ्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात न पचता थेट जिवाणूंपर्यंत पोचतो. केळं पिकलं की त्याचीच साखर होते. कढईत चमचाभर तुपावर दोन चमचे पंढरपुरी डाळ्याचं बारीक पीठ मिनिटभर परता. त्यात किसलेलं केळं, एक चमचा भाजून सोललेल्या शेंगदाण्यांची अगदी बारीक पूड आणि अर्धा कप पाणी घाला. ढवळत चार-पाच मिनिटं शिजवा. थंड होताना ते दाटतं, म्हणून थोडं सैलच उतरवा. शेंगदाणे खवट किंवा काळे पडलेले असतील तर टाकून द्या. त्यावरच्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं. आख्खा शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतो.

शेंगदाण्याची अॅलर्जी होईल म्हणून तो उशिरा द्यावा, असं पूर्वी सांगत. लंडनमधल्या २०१५ च्या चाचणीत उलटंच दिसलं. धोका असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी अॅलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतं. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

जुलाब, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिकच्या पुड्या

साध्या सर्दी-खोकल्यावर आणि बहुतेक जुलाबांवर अँटिबायोटिक लागत नाही. ते विषाणूंवर चालत नाही, आणि आतड्यात जे नुकतं जमलेलं असतं ते उधळून टाकतं. फ्रिजमधली उरलेली बाटली काढून देणं, औषधाच्या दुकानातून "मागच्या वेळचंच द्या" म्हणणं थांबवा. पण न्यूमोनियात हेच औषध जीव वाचवतं. श्वास मोजा: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असला, किंवा छाती आत ओढली जात असली, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

जुलाबात दूध आणि जेवण बंद करायचं नाही. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवलेलं मूल आणि त्याचे जिवाणू दोन्ही खंगतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी घाला; दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम झिंक, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, कारण त्यांतली जास्तीची साखर जुलाब वाढवते. शीत रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास शू नाही, मूल मलूल, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

प्रोबायोटिक म्हणजे औषधासारखे दिले जाणारे जिवंत जिवाणू. त्यांच्याबद्दल ओडिशाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो खराच मोलाचा आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने खेड्यांतल्या ४,५५६ निरोगी नवजात बाळांवर चाचणी केली; ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण, सोबत त्याला खायला शर्करा, फक्त सात दिवस. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण तो वाण, ती मात्रा आणि ते दिवस ठरलेले होते. दुकानातल्या कुठल्याही पुडीला तो निष्कर्ष लावता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अशक्त बाळाला तर नवजात विभागातल्या डॉक्टरांशिवाय कुणीच असं काही देऊ नये.

स्वच्छतेत साबणाने हात धुणं सगळ्यात वर, शी साफ केल्यावर आणि घास भरवण्याआधी. मात्र बाळाने अंगणात रांगावं, माणसांत आणि गुराढोरांजवळ वाढावं. घर जंतुनाशकाने दिवसातून तीनदा पुसायची गरज नाही.

वाढ मोजत राहा

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या आणि तक्त्यावरचा ठिपका स्वतः पाहा. एक ठिपका खाली गेला तर ताईंशी बोला. दोन महिने रेषा सपाट राहिली तर डॉक्टरांना दाखवा. एक वर्षानंतर जंताची गोळी सरकारी मोहिमेत वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नका. सहा महिन्यांपुढे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीताईंकडे असते. १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे पिवळा भाग: जेवणात एक वेळ वाढवा, तूप-शेंगदाणा-अंडं वाढवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. ११.५ पेक्षा कमी म्हणजे लाल. तेव्हा घरचे उपाय करत दिवस घालवायचे नाहीत. आशाताईंना सोबत घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी मागा. तिथे आईला बाळाजवळ राहता येतं. घरी दुसरं मूल असेल तर त्याची सोय आणि बुडीत मजुरीची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा.